रांजण कोणाचा?

आज आपण ‘कॅश’चा इतिहास बघू. रोख पैशाची कॅश नव्हे हं. लांबच्या माहितीची जवळ ठेवलेली प्रत. विहीर लांब असली की घरात रांजण भरून ठेवतात, तसंच हे. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. यंत्रापेक्षा आम्हाला प्रश्न पडतो तो असा, की रांजण कोणाचा आणि भरायचा खर्च कोणाचा?

सुरुवातीला तो वाचणाऱ्याच्या बाजूचा होता. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं जाळं म्हणजे ‘जॅनेट’. अटलांटिकपलीकडून येणाऱ्या माहितीला १९९८ पासून तिथे मेगाबाइटमागे २ पेन्स आकार पडू लागला. एकाने मागवलेलं पान राष्ट्रीय कॅशमध्ये राहिलं, की दुसऱ्यासाठी ते पुन्हा समुद्रापलीकडून आणायला नको. ठेवायचं काय? वाचक मागतील ते. ग्रंथालयासारखंच.

प्रकाशकांना मात्र हे रुचेना. जाहिरातीचा हिशेब वाचकसंख्येवर; प्रत मधूनच दिली गेली तर वाचक मोजलाच जात नाही! म्हणून अनेकांनी पानांवर ‘साठवू नये’ अशी सूचना घालायला सुरुवात केली.

इकडे अमेरिकेत, एमआयटीमध्ये, टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ साली वेबवरच्या गर्दीचा प्रश्न सहकाऱ्यांपुढे मांडला होता. टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी त्यावर गणिती मार्ग काढला आणि १९९८ मध्ये ‘अकामाई’ कंपनी स्थापन केली. गणित सुंदर होतंच, पण आमच्या मते कलाटणी व्यवहारात होती: आता पैसे प्रकाशक देणार. प्रतही जवळ, वाचकही मोजला जाणार.

२०१२ मध्ये नेटफ्लिक्सने स्वतःच्या पेट्या इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे फुकट बसवायची योजना जाहीर केली. फुकट का? तोच चित्रपट हजारदा लांबून पाठवण्यापेक्षा एकदा नेऊन ठेवणं दोघांनाही स्वस्त. पुढे पानं कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, जाऊ लागली. मधल्या सार्वजनिक कॅशला ती उघडता येईनात.

वेग वाढला, खर्च उतरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्लाउडफ्लेअरने २०१० पासून लहान संकेतस्थळांनाही फुकट सेवा दिली. पण जवळ काय राहावं हे पूर्वी वाचकांची मागणी ठरवत असे. आता मागणीइतकाच करार ठरवतो. आणि फुकट देणारा उद्या अट घालू शकतो. पाणी चटकन मिळतं म्हणून रांजणाचा मालक विचारायचाच नाही, असं करून चालणार नाही.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.