मानसशास्त्राकडे उशिरा वळणाऱ्यांसाठी 'कन्व्हर्जन'ची वाट

वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, चार-पाच वर्षे नोकरीही केली आणि मग लक्षात आले की खरी ओढ मानसशास्त्राची आहे. अशा व्यक्तीने पुन्हा बारावीनंतरच्या पहिल्या वर्गात जाऊन बसावे काय? ब्रिटनमधील विद्यापीठांनी या प्रश्नावर काढलेला तोडगा म्हणजे 'एमएस्सी सायकॉलॉजी (कन्व्हर्जन)' हा पदव्युत्तर अभ्यासक्रम. पदवी पातळीवरील मानसशास्त्राचा गाभा तो साधारणपणे एका वर्षात शिकवतो. महाराष्ट्रातील पदवीधरही या वाटेकडे वळताना दिसतात. मात्र ही पदवी काय देते आणि काय देत नाही, याचा उलगडा प्रवेशापूर्वीच झालेला बरा.

मान्यतेचे महत्त्व

या अभ्यासक्रमाचे मोल 'ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी'च्या मान्यतेत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९०१ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९६५ मध्ये राजसनद मिळाली. संस्थेची मान्यता असलेला कन्व्हर्जन अभ्यासक्रम विहित गुणांनी उत्तीर्ण झाल्यास 'ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप' म्हणजेच 'जीबीसी' ही पात्रता मिळते. मानसशास्त्रातील पुढील बहुतेक व्यावसायिक प्रशिक्षणांच्या दारावर प्रथम हीच पात्रता विचारली जाते.

येथे नावाने फसगत होण्याचा संभव असतो. मानसशास्त्रातील प्रत्येक एमएस्सी ही कन्व्हर्जन पदवी नसते. अनेक एमएस्सी मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीच असतात. उलट ग्लासगो विद्यापीठात हाच अभ्यासक्रम 'सायकॉलॉजिकल स्टडीज' या नावाने चालतो. त्यामुळे केवळ शीर्षकावर विसंबून न राहता सोसायटीच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत त्याचे नाव पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पूर्णवेळ अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर अर्धवेळ साधारणपणे दोन वर्षांचा असतो. एकूण १८० श्रेयांकांत जैविक, बोधनिक, विकासात्मक व सामाजिक मानसशास्त्र, व्यक्तिभिन्नता, मानसशास्त्राचा इतिहास व त्यातील संकल्पनात्मक प्रश्न आणि संशोधन पद्धती हे विषय येतात. अखेरीस प्रत्यक्ष माहिती गोळा करून किंवा उपलब्ध माहितीचे विश्लेषण करून स्वतंत्र संशोधन प्रकल्प सादर करावा लागतो. या प्रकल्पात उत्तीर्ण झाल्याशिवाय 'जीबीसी' मिळत नाही.

मनाच्या गुंतागुंतीविषयी कुतूहल घेऊन आलेल्या अनेकांना पहिला धक्का बसतो तो संख्याशास्त्राचा. प्रयोगाची मांडणी, नमुना निवड, सार्थकता चाचण्या, संगणकावरील विश्लेषण यांत अभ्यासाचा मोठा वेळ जातो. ग्लासगोसारख्या ठिकाणी त्यासाठी 'आर' ही संगणकीय भाषा शिकावी लागते. गणिताशी दहावीनंतर संबंध न आलेल्या विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच्या काही महिन्यांत प्राथमिक संख्याशास्त्राची उजळणी केल्यास पुढचा ताण हलका होतो. अभियांत्रिकी वा अर्थशास्त्राच्या पदवीधराला हा भाग सोपा जातो. त्याची अडचण होते ती दीर्घ, संदर्भयुक्त निबंध लिहिताना. साहित्याच्या विद्यार्थ्याचे नेमके उलटे असते.

समुपदेशन वा उपचार प्रत्यक्ष करण्याचे प्रशिक्षण या वर्षात मिळत नाही. हा अभ्यासक्रम मानसशास्त्र हे शास्त्र शिकवतो, व्यवसाय नव्हे.

पदवीनंतरचा टप्पा

ब्रिटनमध्ये २००९ पासून क्लिनिकल, कौन्सेलिंग, एज्युकेशनल, फोरेन्सिक, हेल्थ, ऑक्युपेशनल तसेच स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट ही बिरुदे कायद्याने संरक्षित आहेत. वैधानिक परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज ती लावता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या निधीतून चालणाऱ्या जागांवर प्रशिक्षणार्थींना वेतन मिळते. साहजिकच स्पर्धा तीव्र असते आणि सहायक म्हणून कामाचा अनुभव मिळवल्यानंतरच अनेकांना प्रवेश मिळतो. या निधीप्राप्त जागा प्रामुख्याने स्थानिक शुल्काच्या निकषात बसणाऱ्यांसाठी असल्याने भारतीय विद्यार्थ्यांसाठी वाट आणखी अरुंद होते.

व्हिसाचे नियमही लक्षात घ्यावे लागतात. जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना जोडीदार वा मुलांना अवलंबित म्हणून सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतर तेथे राहून काम करण्यासाठी 'ग्रॅज्युएट रूट'खाली मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी १८ महिन्यांवर येते. तिशी ओलांडलेल्या, संसार असलेल्या विद्यार्थ्याच्या हिशेबात या दोन्ही बाबींना शुल्काइतकेच वजन आहे.

परतणाऱ्यांसाठी

भारत व ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये शैक्षणिक अर्हतांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला. ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीचा प्रश्न त्यामुळे बराच सुकर झाला. तथापि पदवीची समकक्षता वेगळी आणि व्यवसायाचा परवाना वेगळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'च्या व्याख्येत मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीबरोबरच देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा समावेश असलेली, भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली दोन वर्षांची पूर्णवेळ अर्हता अपेक्षिली आहे. केवळ कन्व्हर्जन पदवीच्या बळावर मुंबई-पुण्यात परतून ते बिरुद लावता येत नाही.

देशातल्या देशात हा पालट करू पाहणाऱ्यांसमोरचे चित्रही बदलले आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मानसशास्त्रातील एमए कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला होता आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा तो मोठा आधार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये मानसशास्त्रासह आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली. अन्य शाखांच्या पदवीधरांना प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांत नियमित वर्गात बसणे, हाच येथील मुख्य मार्ग उरतो.

निर्णयापूर्वी

मनुष्यबळ विकास, ग्राहक संशोधन, शिक्षण वा संशोधन सहायकाचे काम ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना कन्व्हर्जन पदवी स्वतंत्रपणेही उपयोगी पडू शकते. पूर्वीच्या शाखेचा अनुभव तेथे वाया जात नाही. ज्यांना रुग्णांवर उपचारच करायचे आहेत, त्यांनी मात्र या वर्षाकडे पहिली पायरी म्हणूनच पाहावे आणि पुढील किमान तीन-चार वर्षांचा वेळ, पैसा व वास्तव्याचा देश यांचा विचार आधी करावा. एखाद्या स्वयंसेवी संस्थेत वा हेल्पलाइनवर काही महिने काम करून पाहिल्यास, ओढ विषयाची आहे की केवळ जुन्या नोकरीचा कंटाळा आहे, हे घरबसल्या उमगते. लाखो रुपयांचे शुल्क भरण्यापूर्वी ही परीक्षा देणे केव्हाही शहाणपणाचे.