मुंबईची मैदानं मोकळी कोणी ठेवली?

आज माझा आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. काल संध्याकाळी दोन तास शिवाजी पार्कवर होतो. या भागासाठी मैदानाचे आवाज रेकॉर्ड करायचे होते. बॅटचा ठोका, 'घे घे घे' अशी ओरड, कट्ट्यावरच्या गप्पा, सगळं मिळालं. सोबत पोटभर धूळही मिळाली. हिवाळ्यात तिकडे गेलेल्यांना माहीत असेल, एक ओव्हर झाली की पांढरे बूट लाल होतात.

परत निघताना एका खेळपट्टीवर एक मामा रबरी पाइपने पाणी मारत होते. मी सहज विचारलं, "रोज मारता?" ते म्हणाले, "एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी बॉलच सांगतो."

हे वाक्य डोक्यात घेऊनच घरी आलो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन फीचर लाँच झालं की केक कापतात. तेच फीचर पाच वर्षं गुपचूप चालू ठेवणाऱ्या माणसाचं नाव कोणाला माहीतही नसतं. मैदानांचंही तसंच आहे. कधी झालं, कोणी उद्घाटन केलं, हे पाटीवर लिहिलेलं असतं. पण दादरसारख्या ठिकाणी सुमारे २८ एकर जागा इतकी वर्षं मोकळी राहिलीच कशी? आजचा भाग या प्रश्नावर आहे. शेवटी मी स्वतः केलेल्या एका चुकीची गोष्टही सांगणार आहे, तेव्हा मध्येच बंद करू नका.

तोफांसाठी रिकामी केलेली जमीन

चर्चगेटला उतरून ओव्हलवरून चालत गेलात, तर वाटेल की इंग्रजांनी खेळासाठी काय छान जागा सोडली! पण खेळाचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

आज आपण ज्याला 'फोर्ट' म्हणतो, तिथे अठराव्या शतकात खरोखर तटबंदी होती. शत्रू आला तर त्याला लपायला आडोसा मिळू नये आणि तोफांना समोरचं स्वच्छ दिसावं, म्हणून तटाबाहेरची घरं आणि माड हटवून जमीन मोकळी केली गेली. हा मोकळा पट्टा टप्प्याटप्प्याने रुंद होत गेला. त्याचं नाव एस्प्लनेड. म्हणजे मुंबईची सगळ्यात सुंदर मैदानं मुळात तोफेच्या माऱ्यासाठी ठेवलेली जागा आहेत, आणि ती मोकळी करताना कोणाची तरी घरं गेलेली आहेत.

मग १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला. आता विचार करा. तट नाही, म्हणजे समोरची जागा मोकळी ठेवायचं कारणही नाही. वर कापसाच्या व्यापारामुळे जमिनीचे भाव चढलेले. या पट्ट्याच्या काही भागावर हायकोर्ट, विद्यापीठ अशा इमारती उभ्या राहिल्या, मधून रस्ते गेले. जे उरलं ते म्हणजे आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. ओव्हलच्या पश्चिमेला तेव्हा समुद्र जवळ होता. आज तिथे दिसणारी आर्ट डेको इमारतींची रांग पुढे भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, १९३० च्या दशकात आली.

पण जमीन उरली म्हणजे ती सगळ्यांची झाली असं नाही.

घोडे विरुद्ध बॅट

आता मैदानावरचं माझं सगळ्यात आवडतं भांडण.

आजच्या आझाद मैदानाच्या एका कडेला बॉम्बे जिमखाना आहे. स्थापना १८७५ ची, आणि तेव्हा फक्त युरोपियनांसाठी. त्याच मैदानाच्या उरलेल्या भागात देशी पोरं क्रिकेट खेळायची. त्यात पारशी सगळ्यात पुढे, पाठोपाठ हिंदू आणि मुसलमान क्लब. हातात मिळेल ते सामान, पण खेळ जोरात.

अडचण झाली पोलोची. जिमखान्याच्या साहेबांना पोलोसाठी मोठं मैदान हवं होतं. घोडे ते, टापांनी गवत उखडलं जाणार, जमिनीत खड्डे पडणार. दुसऱ्या दिवशी पोरं बॅट घेऊन आली की चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. साहेबांचं स्वतःचं क्रिकेटचं हिरवळीचं मैदान मात्र घोड्यांपासून सुरक्षित होतं. पोलो चालायचा तो दुसऱ्यांच्या खेळपट्टीवर.

शापूरजी सोराबजी नावाचे एक पारशी क्रिकेटवेडे गृहस्थ यामागे हात धुऊन लागले. १८८१ मध्ये त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, त्यावर चारशेहून अधिक खेळाडूंच्या सह्या होत्या. मागणी साधी होती. आम्ही जिथे खेळतो तिथे घोडे नकोत, जमीन खराब होते. सरकारने आधी ऐकलं आणि पोलो कूपरेजकडे हलवायला सांगितलं. मग जिमखान्याने वजन वापरलं, निर्णय फिरला आणि घोडे परत आले. शापूरजींनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा लिहीत राहिले. या लढ्यावर त्यांनी १८९७ मध्ये एक पुस्तकच छापलं.

मला यातली मजा काय वाटते सांगू? काँग्रेसची स्थापना १८८५ ची. त्याच्या चार वर्षं आधी मुंबईतले तरुण सरकारला लेखी विचारत होते, की सार्वजनिक जमीन नक्की कोणाची. आणि त्यांचं म्हणणं अगदी मेंटेनन्सच्या भाषेत होतं. मालकी, मानपान यापेक्षा टापांनी पडणारे खड्डे हा त्यांचा मुद्दा होता.

पुढे सरकारने समुद्राच्या कडेला भराव घातलेल्या जमिनीवर जागा दिल्या. पारशी, इस्लाम आणि हिंदू असे जिमखाने तिथे ओळीने उभे राहिले. मरीन लाइन्सला लोकलच्या खिडकीतून दिसतात ते हेच. खेळायला जागा मिळाली, पण धर्माप्रमाणे कुंपणं घालून. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची शालेय स्पर्धा म्हणजे हॅरिस शील्ड. १९८८ मध्ये याच स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती आझाद मैदानावर. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या मातीवरून घोडे हटवा म्हणून अर्ज गेले, त्याच मैदानावर.

माहीम पार्कचं शिवाजी पार्क

आता उत्तरेकडे येऊ. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा खेळली पाहिजे, रस्ते रुंद पाहिजेत, घरांच्या मध्ये बागा पाहिजेत, हा विचार तेव्हाचा. दादर-माटुंग्याच्या वसाहती आणि फाइव्ह गार्डन्स त्याच काळाची देणगी. म्हणजे इथे मोकळी जागा ठेवण्याचं कारण तोफ नव्हतं, रोगाची भीती होती.

महापालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुलं केलं. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. अवंतिकाबाई पालिकेत सदस्य होत्या. गांधीजींचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या त्याच या बाई. मैदानाचं नाव बदलणाऱ्या या बाईंचं नाव आज मैदानावर किती जणांना माहीत असेल, जरा विचारून बघा.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, दसरा मेळावे, १ मे चं संचलन, आचरेकर सरांची नेट्स. सगळ्यांना हेच मैदान हवं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं, कारण आजूबाजूला राहणाऱ्यांनाही कान आहेत. मोकळी जागा दिसली की प्रत्येकाला तिथे काहीतरी करावंसं वाटतं. मांडव, पार्किंग, स्टेज, पुतळा. काही नाही केलं तर ती 'वाया' चालली असं वाटतं.

धूळ येते कुठून?

माझ्या बसलेल्या घशाकडे वळू. समुद्र इतका जवळ, तरी धूळ का?

गवताला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि विश्रांती. जून ते सप्टेंबर आकाश पाणी देतं आणि मैदान हिरवंगार होतं. ऑक्टोबरपासून पाऊस नाही आणि त्याच वेळी खेळाचा हंगाम सुरू. रोज हजारो पायांखाली गवताची मुळं तुटतात, माती उघडी पडते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ती माती आजूबाजूच्या इमारतींत. काही वर्षांपूर्वी मैदानावर लाल माती आणून टाकली गेली, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय झाली. पण लाल माती वाळली की पिठासारखी बारीक होते. पाणी मारलं की बसते, नाही मारलं की उडते. वरून आणखी माती टाकली की उडायला आणखी माती मिळते. एकदाच करून मोकळं होता येईल असा उपाय इथे नाही. रोज पाणी आणि आळीपाळीने थोड्या जागेला सुट्टी, हेच उत्तर. आणि सुट्टी दिली की तिथे खेळणारी मुलं विचारणार, आम्ही जायचं कुठे? त्यांचंही खरंच आहे.

ओव्हलची अवस्थाही एकेकाळी वाईट होती. तिथल्या रहिवाशांनी संघटना करून, कोर्टात जाऊन ते मैदान सावरलं. २०१८ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा म्हटलं, तेव्हा फोटोत आजूबाजूच्या इमारती होत्या. पण त्या इमारती फोटोत मावतात, कारण मध्ये मैदान आहे.

आता माझी चूक

मैदानांचं ऐकताना तुम्ही मान डोलावली असेल. मीही डोलावतो. पण माझी परीक्षा झाली ती आमच्या गल्लीत.

आमच्या बिल्डिंगसमोर तीन रेन ट्री होते, म्हणजे वर्षावृक्ष. हे झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं. जसा आपला लाडका गुलमोहर मूळचा मादागास्करचा. एका जुलैच्या रात्री त्यातल्या एकाची मोठी फांदी तळमजल्यावरच्या काकांच्या रिक्षावर पडली. माणूस कोणी सापडलं नाही, पण तीन आठवडे रिक्षा बंद, म्हणजे घरची कमाई बंद. बिल्डिंगची मीटिंग झाली. सगळे म्हणाले, तिन्ही झाडं धोकादायक आहेत, काढून टाका असं लिहून देऊ. "तू इंजिनिअर ना, तू टाइप कर." मी केलं. झाडं न बघता 'तिन्ही धोकादायक' असं लिहिलं आणि दुसरी सही माझी.

महाराष्ट्रात १९७५ पासून शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडायचा प्रस्ताव असेल तर झाडावर नोटीस लावावी लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तशी नोटीस एके सकाळी बुंध्यावर दिसली. आजी दूध आणायला गेली होती, ती वाचून आली आणि म्हणाली, "कोणी रे लिहून दिलं हे?" मी चहात बिस्कीट बुडवत बसलो.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ती झाडं नीट पाहिली. एक आतून पोकळ होतं, ते जायलाच हवं होतं. उरलेल्या दोघांच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक अगदी चिकटून बसवलेले. आळं नाही, पाणी आत जायला बोटभर फट नाही. एका बाजूने केबलसाठी चर खणताना मुळं तोडलेली. दिल्लीच्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आमच्याकडे एक इंचही नव्हती. झाड पडलं की आपण झाडाला दोष देतो. पण त्याचे पाय आपणच बांधलेले असतात.

मग मी माझ्याच पत्राविरुद्ध हरकतीचं पत्र लिहिलं. सह्या मागताना आधी काकांकडे गेलो, कारण नुकसान त्यांचं झालं होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सही करतो. पण दरवर्षी पावसाच्या आधी फांद्या छाटून घ्यायच्या. आणि ते काम तू बघायचं. विसरलास तर पुढची रिक्षा तुझी."

एक झाड गेलं. दोन वाचली. त्यातलं एक पुढे पिठ्या ढेकणाने वाळलं, मुंबईतले कितीतरी रेन ट्री या किडीने गेले आहेत. आता एक उरलंय. २०१८ च्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातलं हे एक. माझ्या फोनमध्ये दर एप्रिलच्या पहिल्या सोमवारचा रिमाइंडर आहे, 'छाटणी अर्ज'. बुंध्याभोवतीचे ब्लॉक आम्ही परवानगी घेऊन काढले, आळं केलं. त्यात लोक चहाचे कप टाकतात. रविवारी मी ते उचलतो. कधी कधी काकाही येतात.

शापूरजींचा अर्ज आठवतो तेव्हा आता मला त्या चारशे सह्या आठवतात. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण सही करण्याआधी ते त्या जमिनीवर रोज खेळत होते, खड्डा कुठे आहे हे त्यांना पायाने माहीत होतं. मी न बघता सही केली, हा आमच्यातला फरक.

तर आजचं काम सोपं आहे. घरी जाताना तुमच्या गल्लीतल्या एका झाडाच्या बुंध्याकडे बघा. आळं आहे का? नोटीस लावली आहे का? असेल तर वाचा, हरकतीची मुदत बघा. आणि मैदानावर पाणी मारणारं कोणी दिसलं, तर त्यांना विचारा, किती वर्षं मारताय. उत्तर मलाही कळवा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर मी गरम पाण्याच्या गुळण्या करतो.