शिळं कुणी खायचं?

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. नागपंचमीला आम्ही चौघी शाळेतल्या मैत्रिणी पेठ वडगावात जमलो होतो. एक पुण्याहून आलेली, एक मुंबईहून, एक कोल्हापुरातून, आणि मी गावातच राहणारी. सोमवारी पंचमी झाली, मंगळवारी सगळ्या निघणार होत्या. पण पंचगंगा आणि वारणा दोन्ही पात्र सोडून बाहेर आल्या. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद झाला. मग काय, चौघींचा मुक्काम आमच्याच घरात.

बुधवारी वीज गेली. संध्याकाळपर्यंत फ्रीजखाली पाण्याचं थारोळं साठलं. आई म्हणाली, "पोरींनो, तेवढा बर्फाचा कप्पा रिकामा करा बघू."

आम्ही मेणबत्ती लावून बसलो आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागलो. जानेवारीत स्वस्त झाले म्हणून घेतलेले मटार. मे महिन्यातला आमरस. शेजारच्यांची म्हैस व्यायली तेव्हा आलेला चीक. खवलेलं ओलं खोबरं, दगड झालेलं. पांढऱ्या रश्श्याचा एक डबा, कुठल्या रविवारचा ते कुणालाच सांगता येईना. आणि तळाशी वारणा श्रीखंडाचे तीन डबे. आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सापडणार नाही हे लहान पोरालाही ठाऊक असतं. एकात आलं-लसणाचं वाटण होतं, दुसऱ्यात लिंबाचा रस. तिसऱ्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"हे मीच ठेवलो होतो वाटतं, दिवाळीत," मी म्हणाले.

"कुठल्या दिवाळीत?" पुण्याची म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. (आमच्याकडं मुलीही 'मी ठेवलो, मी जेवलो' म्हणतात. पुण्यात राहून तिचं ते सुटलंय, असं ती म्हणते. राग आला की परत येतं.)

हसता हसता मी सहज एक वाक्य बोलून गेले. तुम्हीही ते घरात शंभर वेळा ऐकलं असेल. म्हटलं, "आधी बरं होतं. फ्रीज नव्हता, पण काही वायाही जात नव्हतं."

कोल्हापूरची मैत्रीण तोपर्यंत मटार निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वाया जात नव्हतं, कारण ते आम्ही खात होतो."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. तिचं घर गावातल्या बौद्ध वस्तीतलं. दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले, पण हे वाक्य आमच्यात कधी आलं नव्हतं. हा लेख त्या वाक्यामुळं लिहिलाय.

आधी 'आधी' म्हणजे काय होतं ते बघू.

फ्रीजच्या आधीही साठवण होतीच. उलट घराचं अर्धं काम साठवणीचंच होतं. वडगाव पेठेचं गाव, धनाजी जाधवांची समाधी इथलीच. आठवडी बाजारात भाजी घ्यायची ती दोनचार दिवसांत संपवायची; पुढच्या बाजारापर्यंत मग कडधान्य, डाळ, पिठलं. उन्हाळा आला की अंगणभर वाळवणं: सांडगे, कुरडया, पापड, शेवया. वर्षाची चटणी डंकावर कुटून यायची. इथं चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, हे बाहेरच्या वाचकांसाठी. दही-दूध मांजरापासून वाचवायला शिंक्यात टांगलेलं. धान्य कणगीत, नाहीतर जमिनीतल्या पेवात.

पेव प्रत्यक्षात कसं असतं हे बघायचं असेल तर सांगलीजवळचं हरिपूर लांब नाही. तिथं हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणली जायची. तोंड बंद केलं की आत कीड जगत नाही, कारण हवाच नसते. त्यामुळं पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, गुदमरून माणूस जातो. म्हणजे साठवणीची जुनी तंत्रं भाबडी नव्हती. मीठ, ऊन, तेल, धूर आणि कोंडलेली हवा, या पाचांवर सगळं चालायचं. थंडी मात्र त्यांत नव्हती.

थंडी ही आपल्याकडं कायम श्रीमंतांची गोष्ट होती. अकबराच्या दरबारात सोऱ्यानं पाणी गार करत, आणि दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातून बर्फ यायला लागला, असं 'आईन-इ-अकबरी'त आहे. त्यानंतरची गोष्ट आणखी अजब आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून एक जहाज निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. जहाजात माल काय, तर तिथल्या तळ्यांतून कापलेला बर्फ, सुमारे १८० टन. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा हा उद्योग. भुशात गुंडाळून आणलेल्या त्या बर्फातला अर्ध्याहून जास्त भाग शिल्लक राहिला होता. मग मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि गोदीजवळ बर्फघर बांधलं गेलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, ही गोष्ट अजून चवीनं सांगितली जाते.

पुढं यंत्रावर बर्फ बनायला लागला आणि बोस्टनची जहाजं थांबली. बर्फ कारखान्यांतून लाद्यांच्या रूपात गावोगाव पोचला. आमच्या आधीच्या पिढीला थंडी पहिल्यांदा भेटली ती गारेगारच्या पेटीत. सायकलवरची लाकडी पेटी, आत रंगीत कांड्या, आणि "गाऽरेगार" अशी आरोळी.

खाणं गोठवून महिनोन्महिने ठेवायचं, ही कल्पना त्याहून नवी. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसानं कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये पाहिलं, की तिथले लोक पकडलेला मासा बर्फाळ वाऱ्यात ठेवतात, तो झटक्यात गोठतो आणि कित्येक महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. हळूहळू गोठलं तर पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि मांस, भाजी आतून फाटते. झटक्यात गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. या तत्त्वावर त्यानं यंत्र काढलं आणि १९३० मध्ये अमेरिकेत गोठवलेलं अन्न दुकानात विकायला आलं. आपला घरचा फ्रीझर हळूहळूच गोठवतो. म्हणून तर आमचं खोबरं दगड झालं होतं आणि आमरसात बर्फाचे काटे आले होते. आणखी एक: उणे १८ अंशांत जंतू वाढायचे थांबतात, पण सगळे मरत नाहीत. वीज गेली की ते जागे होतात. फ्रीझर अन्न ताजं करत नाही, फक्त त्याचं शिळं होणं पुढं ढकलतो.

भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजचा, १९५८ मधला. पण तो आमच्यासारख्या घरांत यायला पुढं कैक वर्षं गेली. आमच्या पट्ट्यात त्याआधी थंडी आली ती दुधासाठी. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं गोकुळ, स्थापन झाला. १९६८ मध्ये तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं वारणेचा दूध संघ उभा राहिला. सकाळ-संध्याकाळ डेअरीत रांग लागायची. दूध गोळा होऊन थंड व्हायचं आणि टँकरनं मुंबईपर्यंत जायचं. म्हणजे ज्या बाईच्या घरात फ्रीज नव्हता, तिच्या म्हशीचं दूध मात्र थंडगार प्रवास करत होतं. त्या ऑगस्टमध्ये रस्ते बंद झाले तेव्हा हीच साखळी तुटली, इथलं संकलन अडलं आणि मुंबईत दुधाची टंचाई झाली.

आता त्या वाक्याकडं येते.

इतकी साठवण करूनही शिजवलेलं अन्न उरायचंच. फ्रीज नसताना रात्रीची भाकरी, कालची आमटी सकाळपर्यंत कुठंतरी जायला हवी. ती कुणाच्या पोटात जायची?

पहिलं उत्तर घरातच आहे. शिळं बायका खायच्या. त्यातही सून. फोडणीचा भात, भाकरीचा कुस्करा, ताकात भिजवलेली भाकरी हे आज आपण रील बनवून दाखवतो. पण ते ताटात कुणाच्या पडायचं, हे ठरलेलं होतं. गंमत म्हणजे शिळं खाण्याचा सणही आपल्याकडं आहे. श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं खातात. त्या दिवशी सगळं घर शिळं खातं. एरवी फक्त बाई.

दुसरं उत्तर घराबाहेर, गावाच्या कडेला आहे. गावकीची कामं करायची, मेलेली जनावरं ओढायची, सांगावे पोचवायचे आणि बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागायची, अशी ती व्यवस्था होती. पैशाऐवजी शिळे तुकडे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' त्यानंतर. ती पुस्तकं वाचली की 'काही वाया जात नव्हतं' या वाक्याची दुसरी बाजू दिसते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. मांसाचे लांब तुकडे उन्हात वाळवून केलेल्या चान्या त्यात आहेत. तीही साठवणच, आणि तितकीच हुशार. पण 'पारंपरिक वाळवणं' म्हणून आपण जी यादी करतो, तिच्यात चान्या कधी नसतात. माझ्याही वरच्या यादीत नव्हत्या, हे लिहिताना लक्षात आलं.

ही व्यवस्था मोडायचे प्रयत्न आमच्याच भागात लवकर झाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. कुणाच्या हातचं कोण खातं, यावरच सगळा डोलारा उभा आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद झाली. हे माणगाव आमच्याच हातकणंगले तालुक्यातलं. तिथं महाराजांच्या उपस्थितीत तरुण डॉ. आंबेडकर लोकांसमोर आले. सात वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे खाणं सोडा. महाड आपल्याला तळ्याच्या पाण्यासाठी आठवतं. पण तिथं शिळ्या भाकरीबद्दलही बोललं गेलं होतं, आणि ते तितकंच मोठं होतं.

"आमच्या आज्जीनं त्यानंतर शिळं घरात येऊ दिलं नाही," मैत्रीण सांगत होती. "मागून आणलेलं तर सोडाच, घरात उरलेलंही नाही. दोनच भाकऱ्या करायची, पण गरम. उपाशी निजायची पण शिळं खायची नाही. आई फ्रीज घेऊया म्हणाली तेव्हा आज्जीच सगळ्यांत जास्त भांडली. म्हणाली, शिळं ठेवायला कपाट कशाला विकत आणताय?"

यावर आम्ही हसलो, ती पण हसली. पण मला वाटतं, फ्रीजचा इतका अचूक अर्थ मी दुसरीकडं कुठं ऐकला नाही.

विचार केला तर फ्रीझरनं एक गोष्ट खरंच बदलली. उरलेलं अन्न आता कुणाला तरी द्यावं लागत नाही. सुनेच्या ताटात सारावं लागत नाही, वेशीवर टाकावं लागत नाही. डब्यात घालायचं, झाकण लावायचं, विसरून जायचं. सहा महिन्यांनी फेकायचं. त्यात नासाडी आहे, हे खरंच. पण आपण हळहळतो ती त्या नासाडीसाठी, की वाया जाऊ न देणारी माणसं आता हाताशी नाहीत म्हणून, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

वीज लवकर येईना. दुसऱ्या दिवशी गल्लीत निरोप फिरला, की पूरग्रस्तांसाठी भाकरी आणि चटणी गोळा करतायत. आईनं परात काढली. वितळलेल्या डब्यांची रास समोरच होती. मी म्हटलं, मटारची उसळ करून तीही देऊया का, नाहीतरी टाकूनच द्यावी लागणार.

"द्यायचं तर ताजं दे," कोल्हापूरची म्हणाली. "शिळं आपण खाऊया."

मग चौघींनी भाकऱ्या थापल्या. मुंबईचीच्या भाकरीला आफ्रिकेचा आकार येत होता, तिला मग चटणी बांधायला बसवलं. गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळून गेल्या. रात्री मेणबत्तीच्या उजेडात आम्ही मटारची उसळ खाल्ली आणि बर्फाचे काटे असलेला आमरस प्यालो. पांढरा रस्सा मात्र वास घेऊन ओतून दिला, तिथं कुणी शूरपणा केला नाही.

आमच्या घरात त्या दिवसापासून डब्यांवर चिठ्ठी लागते: आत काय आहे आणि तारीख कुठली. तारीख उलटत आली की तो डबा ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं संपवायचा, मग ते वडील असोत की भाऊ. तो तिसरा श्रीखंडाचा डबा तसाच फेकला. त्यात काय होतं यावर आमचं अजून भांडण चालू आहे.