एकदाच केलेली नोंद

26 ऑगस्ट 1971. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अथेन्स गावी, ओहायो विद्यापीठाच्या आल्डेन ग्रंथालयात एक टर्मिनल सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यावर 133 पुस्तकांची तालिकानोंद झाली.

तोवर हे काम फार कष्टाचे होते. नवे पुस्तक आले की लेखक, शीर्षक आणि विषय यांची वेगवेगळी कार्डे करायची, प्रत्येकावर वर्गांक टाकायचा, मग ती अकारविल्हे खणात लावायची. लायब्ररी ऑफ काँग्रेस 1901 पासून छापील कार्डे विकत होती, तरीही तेच पुस्तक शेकडो ग्रंथालयांत पुन्हा पुन्हा नोंदवले जाई. श्रमांची ही उधळपट्टी फ्रेडरिक किलगोर यांना सलत होती. 1967 मध्ये ओहायोतील महाविद्यालयांनी स्थापलेल्या ओसीएलसी या संस्थेचे ते पहिले प्रमुख.

अथेन्सचे ते टर्मिनल याच संस्थेच्या सामायिक संगणकाला जोडलेले होते. त्यावर लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि शीर्षकाची पहिली तीन, एवढे टंकले की नोंद पडद्यावर येई. नसेल, तर तालिकाकार ती स्वतः तयार करी आणि पुढच्या ग्रंथालयाचे काम वाचे. हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी घडवलेल्या ‘मार्क’ या संगणकीय आराखड्याशिवाय हे जमलेच नसते. त्यांचे नाव आणखी ठळकपणे घेतले जायला हवे.

गंमत म्हणजे पडद्यावरची नोंद शेवटी कागदावरच उतरे. कार्डे ओहायोत छापून, क्रमाने लावून टपालाने रवाना होत. संस्थेने शेवटची कार्डे छापली 1 ऑक्टोबर 2015 रोजी.