आरमार आणि आंबा

आरमार बांधावयाचें तर लांकूड हवें, आणि तें पुष्कळदां रयतेच्याच परसांत उभें असतें. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत या पेंचावर तोड सांगितली: सागवानादि वृक्ष हुजुरांच्या परवानगीनें तोडावे, उणें पडेल तें परमुलुखांतून खरेदी करावें, आंबा-फणसांस हात लावूं नये. रयतेनें तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं. तीं तोडल्यास तिच्या दुःखास पार नाहीं. अगदीं जीर्ण झाड असलें तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. कोणी याला भूतदया म्हणेल; मला तर हा रोखठोक राज्यकारभार वाटतो, कारण दुसऱ्यास पीडून साधलेलें कार्य कर्त्यासह बुडतें, असेंही अमात्य बजावतात. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचींत आंबा-फणस पुन्हा भेटतात. तेथें मात्र परवानगी मागावयाची ती झाडाच्या धन्यानें.