गिरणगावात न पोचलेला मारिओ

नव्वदच्या दशकात लालबाग-परळमध्ये वाढलेल्या पोराला मारिओ माहीत नाही, असं होणं कठीण. पण तो मारिओ एकच. डावीकडून उजवीकडे धावणारा, कासवांच्या डोक्यावर उड्या मारणारा, १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. अकरा वर्षांनी याच मारिओला घेऊन जपानमध्ये एक निराळाच खेळ निघाला, 'सुपर मारिओ आरपीजी'. आज जुन्या खेळांच्या कुठल्याही चर्चेत त्याचं नाव आदराने घेतलं जातं. आमच्या चाळीत ते कुणी ऐकलंही नव्हतं. हा खेळ आमच्यापर्यंत का आला नाही, हे बघताना खेळापेक्षा चाळीबद्दलच जास्त कळत जातं.

आधी खेळाबद्दल. आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम. त्यात चपळाईपेक्षा गोष्टीला महत्त्व. गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, सोबती जमवायचे आणि लढाईत बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल करायची. या प्रकारात स्क्वेअर कंपनीचा हातखंडा. 'फायनल फँटसी' तिचीच. निन्टेन्डो आणि स्क्वेअर यांनी मिळून मारिओला या साच्यात बसवलं. निर्माता मारिओचा जनक शिगेरू मियामोतो, संगीत योको शिमोमुरा यांचं. खेळ ९ मार्च १९९६ला जपानमध्ये आणि त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत आला. लढाईत नेमक्या क्षणी बटण दाबलं तर वार जोरात बसतो, ही त्यातली युक्ती. उडी मारणाऱ्या मारिओचं अंगभूत कसब त्यांनी असं आळीपाळीच्या लढाईत शिल्लक ठेवलं. मला ही या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

आता चाळ. गिरणगावातल्या बहुतेकांनी निन्टेन्डोचं खरं यंत्र पाहिलंच नाही. आमच्याकडे होत्या त्या त्याच्या नकला. 'समुराई', 'मीडिया' अशा नावांचे टीव्ही गेम आणि त्यांच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी. एका कॅसेटवर ९९,९९,९९९ खेळ असल्याचं छापलेलं असे. प्रत्यक्षात तेच दहा-पंधरा खेळ फिरून फिरून येत: 'काँट्रा', 'आयलंडर', बदकं मारायचा एक. चालली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. आमच्या मजल्यावर एकाच घरात असा सेट होता आणि त्या घरच्या काकू अर्ध्या तासाचे दोन रुपये घेत. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आमची तिच्याहून फार मोठी नव्हती. एवढ्याशा जागेत चार जण खेळायला, सहा जण बघायला आणि मागे काकूंचा स्वयंपाक.

या अर्ध्या तासात बसेल असाच खेळ तिथे टिकू शकत होता. मारिओ मेला की पुढच्याचा नंबर. नाक्यावरच्या पार्लरमध्येही हाच हिशेब. तिथे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला आम्ही 'मुस्तफा' म्हणायचो, कारण त्यातलं तेच एक पात्र सगळ्यांना हवं असे. टोकन टाका, हाणा, मरा, बाजूला व्हा. याउलट 'सुपर मारिओ आरपीजी' संपवायला पंधरा-वीस तास लागतात. आज सोडलेला डाव उद्या तिथूनच पुढे न्यायचा, तर कॅसेटमध्ये आठवण साठवणारी बॅटरी हवी, आणि स्वस्त कॅसेटींत ती नसे. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यासाठी टीव्ही एकट्याचा हवा. चाळीत टीव्ही कुणा एकट्याचा असतो?

तांत्रिक कारणंही आहेत. १९८५चा मारिओ जेमतेम ४० किलोबाइटचा. आरपीजी ४ मेगाबाइटचा, म्हणजे शंभरपट. तो सुपर निन्टेन्डो या पुढच्या यंत्रासाठी होता, आणि कॅसेटमध्येच एसए-१ नावाची वेगळी चिप बसवलेली होती. बाजारातल्या नक्कल यंत्रांना अशी कॅसेट उतरवून चालवता येत नसे. आपल्याकडची सगळी खेळसंस्कृती नकलेवर उभी. ज्याची नक्कल होत नाही ते इथे येत नाही. युरोपातसुद्धा हा खेळ तेव्हा विकला गेला नाही, ही आमच्यासाठी थोडी समाधानाची बाब.

आणि भाषा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळायला एक अक्षर वाचावं लागत नाही. आरपीजीत पानंच्या पानं संवाद. त्याचं इंग्रजी टेड वूल्सी यांनी केलेलं, खट्याळ आणि कोट्यांनी भरलेलं. मराठी शाळेतल्या सातवीच्या पोराने त्याचं काय केलं असतं? गंमत म्हणजे या सगळ्या बडबडीत स्वतः मारिओ मुका आहे. घडलेलं सांगायचं असेल तर तो उड्या मारून, इतरांची रूपं घेऊन नकलेने सांगतो.

मला तो भेटला २००० साली, दादरच्या एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग करणारा प्रोग्राम. सुरुवातीच्या एम्युलेटरांना एसए-१ जमत नव्हती, नंतरच्यांना जमली. फाइल एका फ्लॉपीत मावेना, म्हणून तीन फ्लॉप्यांत तुकडे करून नेली. तिसरी खराब निघाली. पुन्हा लालबाग ते दादर चालत. पुढे घरी हप्त्यावर कॉम्प्युटर आला आणि मी तो खेळ डिक्शनरी मांडीवर घेऊन पुरा केला. इंग्रजी थोडंफार सुधारलं ते त्यातच.

खेळात एक अवाढव्य तलवार आकाशातून येऊन बाउझरच्या किल्ल्यात रुतते. नेहमीचा खलनायक बाउझर बेघर होतो आणि नाइलाजाने मारिओच्या टोळीत सामील होतो. शेवटचा शत्रू स्मिदी, एक लोहार. त्याचा प्रचंड कारखाना आहे. सरकत्या पट्ट्यांवरून एकाच छापाची शस्त्रं सैनिक होऊन बाहेर पडतात. आत शिरल्यावर एकामागोमाग एक हरवायचे ते क्लार्क, मॅनेजर, डायरेक्टर आणि फॅक्टरी चीफ.

माझे वडील गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२च्या संपात उतरलेल्या अडीच लाखांतले एक. दत्ता सामंतांचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र गेल्या. मी कारखान्यात पोचलो तेव्हा फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग सुरू झालं होतं. वडील मागे बसून बघत होते. ''हा कोण रे?'' मॅनेजर, मी म्हटलं. ''मग मार की.'' डायरेक्टरच्या वेळी तर खुर्ची पुढे ओढली. स्मिदी पडला, यंत्रं थांबली, आकाशात तारे परत आले. ''म्हणजे कारखाना बंद?'' हो. ''आणि कामगार?'' मी सांगितलं, कामगार नव्हतेच बाबा, सगळी यंत्रंच होती. ''असं कसं असेल,'' म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

खेळ बनवणाऱ्यांच्या मनात गिरणगाव असण्याचं कारण नाही. त्यांचीही ती ताटातूटच होती. जानेवारी १९९६मध्येच स्क्वेअरने पुढची 'फायनल फँटसी' सोनीच्या प्लेस्टेशनवर नेत असल्याचं जाहीर केलं होतं, त्यामुळे मारिओचा हा अवतार निघेपर्यंत सोयरीक तुटलेली. पुढचा भाग आला नाही. 'पेपर मारिओ' आणि 'मारिओ अँड लुइजी' या मालिका त्यातूनच फुटल्या, पण जिनो हा बाहुला आणि मॅलो हा स्वतःला बेडूक समजणारा ढग त्यांत मारिओचे सोबती म्हणून आले नाहीत.

१७ नोव्हेंबर २०२३ला तो स्विचवर नव्याने निघाला. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नव्हता, तेव्हा भाच्याने तो लॅमिंग्टन रोडवरून मिळवला. कारखान्यापाशी पोचलास की फोन कर, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. नाताळच्या सुट्टीत त्याने खेळ संपवला. फोन करायचा राहून गेला म्हणाला.