वेट पॅलेट, शिंपले आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. यात माझ्या वाया गेलेल्या सहा महिन्यांची गोष्ट आहे आणि रंग वाळण्याचा थोडा इतिहास आहे. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे करून सांगता येणार नाहीत.

माझा विषय लघुचित्रांच्या साहित्याचा. म्हणजे कागद, डिंक, रंगद्रव्यं, कुंचले. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या ऐटीत एक प्रश्न लिहिला होता : मुघल आणि दख्खनी चित्रकार काम चालू असताना रंग ओले कसे ठेवत? पुढे गृहीतकही जोडलं होतं, की त्यांच्याकडे आजच्या वेट पॅलेटसारखं काहीतरी साधन असणार, ते शोधून काढायचं. हे वेट पॅलेट मला एका मित्राकडे दिसलं होतं. तो बोटभर उंचीचे सैनिक, राक्षस वगैरे रंगवतो. खेळातल्या या पुतळ्यांनाही इंग्रजीत मिनिएचरच म्हणतात, आणि माझ्या डोक्यात घोटाळा सुरू झाला तो बहुधा तिथेच.

आधी साधन कसं असतं ते सांगतो. झाकणाचा उथळ डबा. तळाशी पाण्याने भिजवलेला स्पंज किंवा टिश्यूची जाड घडी. त्यावर केक भाजताना वापरतात तो पार्चमेंट कागद, आणि रंग त्या कागदावर. कागदातून पाणी हळूहळू वर झिरपतं, तेवढंच जवळजवळ हवेत उडून जातं, त्यामुळे रंगाचा ठिपका तासन्‌तास ओला राहतो. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही कामाला येतो. घरी करून बघणार असाल तर एक गोष्ट : दुकानात ‘बटर पेपर’ या नावाखाली काहीही मिळतं. मेणाचा कागद आणलात तर पाणी वर येणारच नाही. उलट पाणी जास्त झालं तर रंग पसरून गटार होतं.

आता माझ्या प्रश्नाकडे या. समितीसमोर सादरीकरण झालं तेव्हा एका सरांनी एवढंच विचारलं, “पण त्यांना रंग ओले ठेवायची गरज होती का?” मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला. तेव्हा राग आला होता, हे कबूल करतो. पण प्रश्न बरोबर होता.

कारण रंग म्हणजे नुसती पूड नसते. पूड कागदाला धरून ठेवायला काहीतरी लागतं, त्याला बाइंडर म्हणू. मुघल, राजपूत, दख्खनी चित्रकारांच्या रंगात तो मुख्यतः डिंक असे, बाभळीच्या जातीच्या झाडांचा. लाजवर्द, हिंगूळ, हरताळ, जंगाल, काजळी, जी काही पूड असेल ती बारीक घोटायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि शिंपल्यात ठेवायची. एका शिंपल्यात एक रंग. मुघल कारखान्यातल्या चित्रकारांची चित्रं बघा, बैठकीजवळ मांडलेले हे शिंपले दिसतील. रंग वाळला तर? वाळू द्यायचा. ओला कुंचला किंवा ओलं बोट फिरवलं की तो परत उठतो, कारण डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. आज वाळला, उद्या उठवला, महिन्याने उठवला तरी चालतं.

म्हणजे मी ज्या संकटावरचा उपाय शोधत होतो, ते संकटच तिथे नव्हतं. इतकंच नाही, वाळणं हा त्यांच्या कामाचा टप्पा होता. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग चित्र गुळगुळीत दगडावर पालथं घालून मागून अकीकाने घोटायचं. रंग दबून बसतो, पृष्ठभागाला चमक येते, मग पुढचा थर. रंग ओलाच राहिला तर घोटणार काय?

युरोपातही हेच चित्र दिसतं, म्हणून ही केवळ ‘आपली’ परंपरा म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. निकोलस हिलियार्ड (1547–1619) हा एलिझाबेथ राणीचा लघुचित्रकार. त्याने सुमारे 1600 मध्ये या कलेवर एक प्रबंध लिहिला. तो हस्तलिखितातच राहिला आणि छापला गेला थेट 1912 साली. त्यात त्याला काळजी आहे ती धुळीची, डोक्यातल्या कोंड्याची, बोलताना उडणाऱ्या थुंकीची. कपडे रेशमी घाला म्हणजे धागे उडणार नाहीत, असं तो सुचवतो. त्या काळचे इंग्लिश लघुचित्रकारही डिंकाचेच रंग वापरत आणि तेही शिंपल्यात ठेवत. डिंकात कालवलेल्या सोन्याच्या पुडीला इंग्रजीत आजही ‘शेल गोल्ड’, म्हणजे शिंपल्यातलं सोनं म्हणतात, ते त्यामुळेच. पुढे विल्यम रीव्ह्जने जलरंगांच्या कडक वड्या केल्या आणि 1781 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला बक्षीस दिलं. नीट बघा, बक्षीस कशाला मिळालं : पूर्ण वाळलेल्या रंगाला. वाळलेला रंग हा तिथे माल होता, खिशात घालून नेता येणारा.

तेलरंगांची गोष्ट वेगळी. ते एकदा सुकले की पाण्याने काय, कशानेच परत उठत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्या आणि 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पेटंट घेतलेली धातूची नळी. पण तेलरंग मुळात सावकाश सुकतो, पॅलेटवर दिवसभर पुरतो. घाई असते ती ॲक्रिलिकला.

खरी तारीख इथे आहे. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक इमल्शन घराच्या रंगांसाठी रोम अँड हास कंपनीने 1953 मध्ये बाजारात आणलं. दोनच वर्षांत, 1955 मध्ये, हेन्री लेव्हिसनच्या सिनसिनाटीमधल्या कंपनीने चित्रकारांसाठी लिक्विटेक्स काढलं. ब्रिटनमध्ये राउनीचा क्रायला 1963 मध्ये आला. या रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, मिसळतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पातळ ठिपका असेल तर काही मिनिटांत खेळ खलास.

गंमत अशी की पुतळे रंगवणाऱ्यांना हाच गुण हवा असतो. खालचा थर पक्का बसतो, त्यावर दुसरा पातळ थर दिला तरी खालचा उठत नाही, एका बैठकीत दहा थर देता येतात. डिंकाच्या रंगात ही चैन नाही, तिथे हात हलका नसेल तर वरच्या कुंचल्याने खालचं सगळं चिखल होतं. म्हणजे पुतळ्यावर जे वरदान, तेच पॅलेटवर शाप. गेम्स वर्कशॉप ही कंपनी 1975 साली लंडनमध्ये सुरू झाली, तिची सिटाडेल मिनिएचर्स 1979 मध्ये. या छंदात आधी टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने पातळ करायचे इनॅमल रंग चालत, नंतर ॲक्रिलिकने जागा घेतली. करंगळीच्या नखाएवढा चेहरा, त्यावर पाण्यासारखा पातळ रंग, आणि तो पॅलेटवर वाळत चाललेला. ओल्या डब्याची गरज इथे पडते, अकबराच्या कारखान्यात नाही.

मी मात्र साधनाचं नाव घेऊन भूतकाळात गेलो होतो आणि त्या नावाची वस्तू शोधत होतो. शब्दाने आणखी एक दगा दिला. ‘मिनिएचर’ म्हणजे छोटं, असं आपण धरून चालतो. पण हा शब्द आला लॅटिन ‘मिनियम’वरून, आणि मिनियम म्हणजे शेंदूर, शिशाचा लाल रंग. हस्तलिखितातली अक्षरं शेंदराने रंगवणं, ते ‘मिनियारे’. लहानपणाचा अर्थ नंतर, ‘मिनी’सारख्या शब्दांशी असलेल्या साम्यामुळे चिकटला. आपण ‘लघुचित्र’ असा अनुवाद केला आणि तो चिकटलेला अर्थ कायम करून टाकला. त्यामुळे कॅटलॉगमध्ये हा एक शब्द टाकलात की पोथीतली चित्रं, गळ्यात घालायच्या लॉकेटमधले चेहरे आणि खेळातले राक्षस एकाच यादीत येतात. यादी एक असली तरी त्यांचे बाइंडर वेगळे आहेत. मी शोधताना हे तीन ढीग वेगळे केले नव्हते.

सिनॉप्सिस परत आल्यावर मी घरी एक प्रयोग केला. कोकणातून आणलेल्या तिसऱ्यांचे शिंपले होते. एकात गेरू आणि बाभळीचा डिंक, दुसऱ्यात बाजारातलं ॲक्रिलिक. दोन्ही खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ॲक्रिलिकचा पापुद्रा नखाने अख्खा निघाला, रबरासारखा. गेरूला भेगा पडल्या होत्या, पण पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवलं आणि रंग बोटाला लागला. तीन आठवड्यांनी परत तेच केलं, परत लागला. अर्थात माझ्या खिडकीतल्या शिंपल्याने सोळाव्या शतकाबद्दल काही सिद्ध होत नाही. काय शक्य होतं आणि कशाची गरज नव्हती, एवढंच त्यावरून म्हणता येतं. प्रबंधात मी या प्रयोगाला एकच परिच्छेद दिला आहे, तोही परिशिष्टात.

नव्या सिनॉप्सिसमधला प्रश्न असा आहे : पुन्हा ओला होऊ शकणाऱ्या रंगाने चित्रकाराच्या कामाचा क्रम कसा ठरवला, आणि चित्राचं पुढचं आयुष्य कसं ठरवलं? या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी लांब जायला नको. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे, अहमदनगरच्या निजामशाहीतली, सुमारे 1565 ची. तिच्यातल्या चित्रांत हुसेन निजामशहाच्या शेजारची राणी खुंजा हुमायून पुढे कुणीतरी नाहीशी केलेली आहे. राजा बसलाय, आणि शेजारी राणीच्या जागी डाग. डिंकाच्या रंगाची आकृती पुसायची तर ओल्या फडक्याचा एक हात पुरतो. ॲक्रिलिकची राणी असती तर पुसणाऱ्याला खरवडावी लागली असती.

समितीने या वेळी दोन दुरुस्त्या सांगून मंजुरी दिली. पहिली दुरुस्ती म्हणजे शीर्षकातला ‘लघुचित्र’ शब्द कोणत्या अर्थाने वापरला, ते पहिल्याच पानावर लिहा. दुसरी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांची होती. ती अजून चालू आहे.